सासूबाईंची रिलीव्हर

‘सून कायची गं राजश्री, माझी रिलीव्हर आली’ — असं म्हणाल्या माझ्या सासूबाई, आणि ते मी ऐकायचं नव्हतं. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते, त्या खाली अंगणात फोनवर, त्यांच्या बहिणीशी, नागपूरच्या राजश्री मावशींशी, अगदी हळू आवाजात — आणि आमच्या घराची गंमत अशी, की खाली कुजबुजलेलं वर जास्त स्वच्छ ऐकू येतं. ओरडून बोलल्या असत्या तर कळलंही नसतं. — नाही नाही, तुम्ही उठू नका ताई, जागा आहे, मी पर्स मांडीवर घेते. तुम्ही आत्ता फोनवर मराठीत बोललात नं, ‘काही नाही हो, व्हायरल आहे, दोन दिवसांत घरी’ — तेव्हाच म्हटलं, चला, जबलपूरच्या ह्या दवाखान्यात कोणी आपलं भेटलं. सॉरी हं. माझे कान जरा लांब आहेत. तोंड लहान, कान लांब. घरी सगळे म्हणतात ही बोलतच नाही, आणि इथे पाहा, तुम्ही एक ‘हं’ केलं नाही तोवर मी सासूपर्यंत पोचले. पण एक सांगू? व्हायरलवाल्यांना ह्या बाकावर बसवत नाहीत. ते तिकडे, पंख्याखाली बसतात. हा बाक साखरवाल्यांचा. — राहू द्या, नका सांगू. मी विचारलंच नाही. आत तुमची मुलगी आहे, एवढं कळलं, कारण तिच्या चपला तुम्ही हातात धरून बसल्या आहात. माझी नणंद आहे आत. प्रणोती. नववीत आहे. आठ वर्षांची होती तेव्हापासून तिला आहे — लहान मुलांना होतो तो, टाइप वन. शरीर इन्सुलिन करायचंच बंद करतं, मग ते बाहेरून द्यायचं, रोज, जेवणाआधी, सुईनं. तुम्हाला हे सगळं आत्ताच आत सांगितलं असेल आणि काहीच डोक्यात शिरलं नसेल. नाही शिरत. मला तर महिनाभर शिरलं नव्हतं.

तर रिलीव्हर. माझे सासरे रेल्वेत होते, कटनीकडच्या एका लहानशा स्टेशनचे मास्तर. आता रिटायर होऊन घरी बसलेत, पण घरात अजून गाड्या चालवतात. रेल्वेत म्हणे ड्यूटी संपली म्हणून उठून जाता येत नाही. पुढचा माणूस आला, त्याने चार्ज घेतला, खुर्चीत बसला, की मगच तुम्ही सुटलात. त्याला म्हणतात रिलीव्हर. तो आला नाही तर तुम्ही तिथेच — भूक लागो, झोप येवो, घरी बारसं असो. बाबांचा रिलीव्हर एकदा मेहुण्याच्या वरातीत नाचत राहिला आणि बाबा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सिग्नल देत बसले — ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलीय, की मला आता त्या वरातीतलं बँडवाल्याचं गाणंही आठवायला लागलंय. बाबांना वाटतं ही त्यांची गोष्ट आहे. मी गच्चीत हातात ओला टॉवेल घेऊन उभी होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती खरी आईंची गोष्ट आहे. बाबा एकदाच अडकले. आई प्रणोतीच्या त्या पहिल्या इन्सुलिनपासून खुर्चीवरच आहेत.

आणि त्यापुढे काय म्हणाल्या माहीत आहे? मावशींनी विचारलं असेल, कशी आहे सून. तर म्हणाल्या, ‘पोरगी चांगली आहे. बोलत नाही. म्हणजे “नाही”पण म्हणणार नाही.’

घ्या! मला हसू आलं आधी, खरंच. मग तो टॉवेल मी तीनदा पिळला, त्यात पाणी नव्हतं तरी.

तसं म्हणाल तर फसवणूक काही नाही. गौरांगनी — माझे मिस्टर — लग्नाआधी दुसऱ्याच भेटीत सगळं सांगितलं होतं मला. भेडाघाटला, धुआँधार धबधब्याच्या कठड्यापाशी. त्या आवाजात अर्धं ऐकू येत नव्हतं, म्हणून बिचाऱ्याला ‘मेरी बहन को डायबिटीज़ है’ हे ओरडून सांगावं लागलं, आणि शेजारी उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, ‘भैया, करेला दो.’ — हो, तुम्हालाही मिळणार आहे हा सल्ला. कारलं, जांभळाची बी, मेथी, एक बाबा आहेत मंडल्याकडे, ते नाडी पाहून पुडी देतात. सगळ्यांना नमस्कार करायचा आणि इन्सुलिन द्यायचं. — तर मला माहीत होतं. मला आवडलंच होतं की हा माणूस लपवत नाही. गोंधळ झाला तो माझ्या डिग्रीचा. लग्न जमवणाऱ्या इंदू काकूंनी आईंना सांगितलं, मुलगी गोंदियाची, बीएस्सी आहे. आईंनी आपल्या मनात पुढचं भरून घेतलं — बीएस्सी म्हणजे लॅब, लॅब म्हणजे रक्त, रक्त म्हणजे सुई. मी बीएस्सी वनस्पतीशास्त्रात, ताई! मी आयुष्यात फार तर कण्हेरीचं पान कापलंय. पहिल्यांदा प्रणोतीच्या बोटाला सुई टोचताना मीच भिंतीला टेकले, तर ती पोरगी मला म्हणते, ‘वहिनी, टेन्शन मत लो, बोट माझं आहे.’

हसलात. बरं वाटलं.

आमच्या घरी सकाळी कोणी कोणाला कशी आहेस असं विचारत नाही. ‘किती?’ असं विचारतात. बस, एवढंच. स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘किती?’ — आतून आकडा येतो — मग घराचा चेहरा ठरतो. आकडा चांगला तर पोह्यांत शेंगदाणे, वाईट तर सगळे गप्प. सासूबाई तर इतक्या त्या आकड्यातच राहायला गेल्यात, की मागच्या वेळी इथेच, ह्याच डॉक्टरांनी त्यांना विचारलं, ‘और आप कैसी हैं?’ तर ह्या म्हणाल्या, ‘सुबह एक सौ चालीस.’ डॉक्टर म्हणाले, नहीं, आप. तर ह्या माझ्याकडे बघायला लागल्या, जणू ‘आप’ म्हणजे मी. त्यांची गुडघेदुखी आहे, बीपी आहे, एक डोळा मधूनच लवतो — ते सगळं ‘बघू नंतर’ ह्या खात्यात. प्रणोती पाचवीत जाईपर्यंत त्या शाळेच्या फाटकाबाहेर बसून राहायच्या, डबा आणि ग्लुकोज घेऊन, शाळा सुटेपर्यंत. तिथल्या चौकीदाराला बरेच दिवस वाटायचं ह्या कोणत्या तरी मॅडमच्या विरोधात धरणं देऊन राहिल्या. लग्नाला जातात, पण जेवत नाहीत — पोरीच्या ताटाकडे बघत उभ्या राहतात. भेडाघाटच्या नावेत चढत नाहीत, कारण मधेच उतरता येत नाही. आणि ह्या बाई, ताई, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कॅरम चॅम्पियन होत्या! कप आहे घरी. त्यात आता रिकाम्या सिरिंज ठेवतात. मावशींनी त्यांना सँडल पाठवले होते, जांभळे, सुंदर — दोन वर्षं झाली, तळवा अजून पांढराशुभ्र. बाई कुठे गेल्याच नाहीत तर तो मळणार कसा?

मी ते सँडल पाहिले त्या दिवशी. कपडे वाळत घालून खाली आले, चपलांच्या फळीपाशी उभी राहिले, आणि पाहत राहिले. म्हटलं, हे माझ्या मापाचे आहेत.

काहून कोणास ठाऊक, पण मग मी खोलीत जाऊन बॅग काढली. गोंदियाची. एक साडी ठेवली तिच्यात, मोबाइलचा चार्जर ठेवला — हे मी तुम्हाला काहून सांगून राहिले? हे गौरांगनाही माहीत नाही. पळून वगैरे नव्हते जात हो, आईकडे जाणार होते, चार दिवस. किंवा जरा जास्त. पण तेवढ्यात प्रणोती आली, पलंगावर बसली, बॅगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘वहिनी, जाणार असशील तर संक्रांतीनंतर जा. तुला साखरेच्या दागिन्यांत बघायचंय मला. आमच्या घरी साखर आणणारी तू पहिलीच.’ मी बॅग पलंगाखाली सरकवली. अजून तिथेच आहे. चार्जर काढून घेतला फक्त.

ही साखरेची भानगड सांगायलाच हवी तुम्हाला, कारण तुम्ही आता घरी जाऊन नेमकं हेच करणार आहात. प्रणोतीचं निदान झालं त्या आठवड्यात सासूबाईंनी घरातली साखर उचलली आणि बाहेर काढली. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं हं असं — ते म्हणाले होते, माप सांभाळा, बाकी मुलगी सगळं खाईल. पण आई म्हणाल्या, पोर खाणार नाही तर कोणीच खाणार नाही. साखर नाही, गूळ नाही, शिरा नाही, दिवाळीला शंकरपाळे तिखटाचे. चहा सगळ्यांना बिनसाखरेचा. मोठं प्रेम आहे त्यात, मी नाही म्हणत नाही. पण ताई, त्या घरातला एकूण एक माणूस चोर झालाय! बाबा संध्याकाळी ‘पाय मोकळे करायला’ जातात आणि मिशीला पाक लावून येतात. गौरांग मला लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते कुठे? खोव्याच्या जिलबीच्या दुकानात. दोघं भिंतीकडे तोंड करून उभे, हे मागे वळून वळून बघताहेत कोणी ओळखीचं आहे का — दुकानदाराला वाटलं आम्ही घरून पळून आलोय. आणि खुद्द सासूबाई! देवळात जातात. प्रसाद दोनदा घेतात. त्यांना वाटतं देव मोजत नाही. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती प्रणोती — तिला सगळं माहीत. मला म्हणते, ‘दादाच्या शर्टाला जिलबीचा वास येतोय, त्याला सांग, पुसून येत जा. आई को मत बताना, तिला वाईट वाटेल.’ म्हणजे पाहा नं. ज्या पोरीला जपायचं, ती सगळ्यांना जपून राहिली.

आणि मग आली संक्रांत. माझी पहिली. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालायचे, हे तर तुम्हाला सांगायला नको. मावशींनी नागपूरहून डबा पाठवला — हार, बाजूबंद, बिंदी, कमरपट्टा, आणि काळे मणी लावून केलेलं हलव्याचं मंगळसूत्र. आई तो डबा हातात घेऊन उभ्या होत्या, ताई, तो चेहरा मी विसरणार नाही. एकीकडे रीत, एकीकडे साखर. शेवटी डबा कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि बाबांना म्हणाल्या, ‘कोणी हात लावू नका’ — जणू त्यात दारूगोळा आहे. बाबा म्हणाले, ‘मनीषा, आपण जबलपुरात राहतो, तोफगोळ्यांच्या कारखान्यांच्या गावात, दारूगोळ्याला कोणी भीत नाही इथं.’

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी अजून एक काम असतं आमच्याकडे, ते मला माहीत नव्हतं. लपवालपवी. बायका येणार, म्हणून फ्रिजच्या दारातलं इन्सुलिन निघालं आणि मेथीच्या जुडीमागे गेलं. बोट टोचायचं मशीन उशीच्या अभ्र्यात. कपातल्या सिरिंज कुठे, देव जाणे, कपात प्लास्टिकची फुलं आली. कारण बाहेर कोणालाच माहीत नाही. पोरीची जात, उद्या लग्न करायचं — आणि इंदू काकू येणार! इंदू काकू वाईट नाहीत, पण घमापुरात कोणी शिंकलं की त्यांच्यामुळे दीक्षितपुऱ्यात काढा उकळायला लागतो. माझं लग्न जमवलं त्यांनी, पण आमच्या घरात काय आहे ते त्यांना तोवर कळू दिलं नव्हतं, म्हणजे आई किती पोचलेल्या आहेत ते समजून घ्या. सगळ्यांत शेवटी त्यांनी ग्लुकोजचा डबा उचलला आणि लपवला. तो हाताशी असायला हवा, हे त्यांच्याएवढं ह्या शहरात कोणाला माहीत असेल? पण इंदू काकूंच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी तो कुठे तरी ठेवला.

तर मी पाटावर. काळी साडी, अंगभर हलवा, मान हलवली की खुळखुळ वाजतंय, आणि मुंग्यांचा एक शिपाई माझ्या पदरापर्यंत येऊन बातमी घेऊन गेलेला. बायका येताहेत, हळद, कुंकू, वाण. आमच्याकडचा तिळगूळ म्हणजे भाजलेले तीळ आणि खारकेची पूड — इंदू काकूंनी तोंडात टाकला आणि बराच वेळ ‘गोड बोला’ म्हणायचं टाळलं. प्रणोती वर-खाली पळत होती, अत्तर लाव, वाण दे, कोणाची पर्स धर. दुपारी इन्सुलिन घेतलं होतं तिने, पण गडबडीत अर्धीच पोळी खाल्ली. आणि मी पाटावरून बघून राहिले — मी बघतेच, दुसरं येतं काय मला — की ती इंदू काकूंना अत्तर लावतेय आणि मनगट सोडून कोपराला लावतेय. मग ती माझ्याजवळ येऊन बसली. कपाळावर घाम, जानेवारीत. हात माझ्यासमोर धरला, तो असा थरथरत होता. म्हणाली, ‘वहिनी, लो होतंय.’

साखर वाढली तर हळूहळू नुकसान करते, ताई, पण उतरली तर घाई असते. लगेच काही तरी गोड तोंडात जायला हवं, लगेच. नाहीतर पोरगी बेशुद्ध पडू शकते. आईंनी ते तिच्या चेहऱ्यावरून समोरच्या खोलीतूनच ओळखलं — हातातली कुंकवाची कोयरी कोणाच्या तरी मांडीवर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. आणि मग डबे पडल्याचे आवाज यायला लागले. एक डबा, दुसरा डबा, झाकणं. मला कळलं. त्यांना आठवत नव्हतं. सगळी वर्षं एका क्षणासाठी जपलेला डबा, आणि त्या क्षणी तो कुठे आहे ते आठवत नव्हतं, आणि घरात दुसरा साखरेचा कण नाही, कारण तो त्यांनीच राहू दिला नव्हता.

मी गळ्यात हात घातला आणि ओढलं. हार ओढला होता हो मी. पण त्यात अडकलेलं ते हलव्याचं मंगळसूत्रही आलं सोबत. तटकन तुटलं. ‘अगं बाई, मंगळसूत्र तोडलं हिने!’ — हा इंदू काकूंचा आवाज. हळदीकुंकवाला, पाटावर बसून, नव्या नवरीने, सवाष्णींच्या देखत! एक बाई तर उभीच राहिली. मी ते धाग्यासकट प्रणोतीच्या हातात दिलं, तिने दातांनी दाणे ओढले आणि कडाकडा चावायला लागली. मग मी बाजूबंद काढला. मग बिंदी. ती खातेय, मी उतरवतेय, बायका बघताहेत, आणि प्रणोती मधेच तोंडभर हलव्यातून म्हणते, ‘कमरपट्टा राहू दे वहिनी, फोटो काढायचाय.’ तेव्हा मला कळलं, आलं आता, पोरगी वर आली.

आणि दारात आई. हातात काही नाही. तो डबा दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिंपात सापडला, पण तेव्हा हात रिकामे. इंदू काकूंनी विचारलं, ‘काय झालं हो हिला?’ आई म्हणाल्या, ‘काही नाही, ऊन लागलं असेल.’ जानेवारीत, ताई! सगळ्या बायका शाली घेऊन बसलेल्या. एका बाईने तर खिडकीकडे पाहिलं, ऊन आहे का म्हणून. आणि मग आईंना काय वाटलं कोणास ठाऊक, त्या माझ्या डोक्यावर हात ठेवून हसल्या, आणि सगळ्यांना म्हणाल्या, ‘आता मला काळजी नाही. सून आहे नं. आता तीच बघणार सगळं.’ कौतुकाने म्हणाल्या हो. हात थंडगार होता त्यांचा. तो हात माझ्या डोक्यावर होता आणि मला सँडल दिसत होते, जांभळे, माझ्या मापाचे. इंदू काकू म्हणाल्या, ‘चला, म्हणजे पोरीची सोय झाली.’ बाहेरच्या खोलीतून बाबा आणि गौरांग येऊन दाराशी उभे होते — हळदीकुंकवाला पुरुषांनी आत यायचं नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर, माना आत.

मग मी बोलले. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी ‘हो आई’ आणि ‘ठेवते आई’ याच्या पलीकडे फारसं काही बोलले नव्हते, त्यामुळे पहिले दोन शब्द कोण बोललं ते बघायला सगळ्यांनी मागे पाहिलं. काय बोलले ते सांगते — लाज वाटते, पण सांगते. आधी पुढचं ऐका.

सासूबाई आत्ता नागपूरला आहेत. खरंच. बसमध्ये बसवलं आम्ही, गाडी गावाबाहेर तिलवाऱ्याच्या पुलावर पोचली नसेल, तोच फोन — ‘मी उतरून परत येऊ का?’ मी म्हटलं, आई, पुलावर उतरवत नाहीत. मग दर थोड्या वेळाने, ‘किती?’ आता ते जरा कमी झालंय. काल मावशी म्हणाल्या, दुपारी जेवून आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली, उठून रडली, आणि मग शेजारच्या पोरांना कॅरममध्ये धुतलं. इकडे बाबा सुई शिकले. आधी संत्र्याला देत होते, नागपूरचं संत्रं, ते इतकं टोचलं की शेवटी त्याचा रसच निघाला. आता प्रणोतीला देतात, आणि देण्याआधी, गाडी सोडावी तसं म्हणतात, ‘लाइन क्लियर?’ ती म्हणते, ‘क्लियर, बाबा.’ गौरांगना पोळीचं माप समजायला लागलंय. घरात साखरेचा डबा आलाय, उघड, ओट्यावर, आणि गंमत पाहा, बाबांचं पाय मोकळे करणं एकदम कमी झालं. सगळं छान आहे असं नाही हं. परवा आकडा इतका चढला की आम्ही चौघंही एकमेकांवर ओरडलो. मला अजून रक्त पाहिलं की घेरी येते. आणि आई परत येतील तेव्हा पुन्हा खुर्चीत बसायला बघतील, मला माहीत आहे ते, सवय आहे त्यांना. तेव्हा पुन्हा बोलावं लागेल. आणि इंदू काकू? सगळ्या जबलपुराला सांगितलं त्यांनी, अर्थात. आणि त्यामुळे एक बाई आल्या आमच्याकडे, तिसऱ्या गल्लीतल्या, हळूच मागच्या दाराने. त्यांच्या भाचीला आहे. पाच वर्षांपासून. आम्ही पाच वर्षं एकाच दुकानातून, एकमेकांपासून लपून, तेच औषध आणत होतो.

तुमचा फोन वाजतोय. घरून आहे नं? — नका उचलू. तुमची मर्जी. मी शिकवत नाही तुम्हाला, मी कोण? फक्त एवढंच, की ‘व्हायरल’ दोन दिवसांत उतरतो, आणि तिसऱ्या दिवशी तुम्हाला नवीन काही तरी शोधावं लागेल, आणि चौथ्या दिवशी अजून नवीन, आणि ते सगळं लक्षात ठेवायचं कामही तुमच्याच डोक्यावर. मला सासूबाईंचा हात आठवतो तो. थंडगार. — द्या त्या चपला इकडे, मी धरते. दोन्ही हात मोकळे करा जरा.

हां, तर काय बोलले मी. पाटावर उभी राहिले, गळा मोकळा, पदर चिकट, आवाज माझा मलाच ओळखू येईना, आणि म्हटलं:

‘इंदू काकू, ऊन नाही लागलं. प्रणोतीला डायबिटीस आहे, आठ वर्षांची होती तेव्हापासून. कोणाच्या चुकीने झालेला नाही, आणि लपवून बराही होत नाही. शेजारी राहता, तर तिचा हात असा थरथरला की काय द्यायचं ते तुम्हीपण शिकून जा. आणि आई, तुम्ही मावशींकडे चालल्या आहात. ह्याच आठवड्यात. तिथं जाऊन नुसतं झोपा. प्रणोतीचं मी बघीन, पण मी एकटी नाही बघणार. नाही म्हणतेय मी, आई, ऐकू आलं नं? — आणि बाबा, अहो, तुम्ही दोघं दारात काय उभे आहात? हात धुवा आणि आत या.’